मालिशवाल्यांची संघटना कोणी चालवायची?



या देशात स्पर्शाचा हिशोब जातीने लिहिला. अंग रगडायचं काम न्हाव्याच्या वाट्याला आलं. नाळ कापायचं आणि बाळंतिणीची घाण काढायचं काम अनेक गावांत महार-मांगांच्या बायांच्या वाट्याला आलं. काम झालं की हात धुवायचा तो काम करून घेणाऱ्याने, आणि विटाळ मात्र काम करणाऱ्याचा! आज त्याच कामाला 'वेलनेस' म्हणतात, भिंतीला लाकडी पट्ट्या लावतात, मंद संगीत लावतात. काम करणारे हात मात्र बव्हंशी बहुजनांचेच राहिले आहेत.

आम्ही त्या हातांपैकी आहोत. आमच्यात कुणी स्पामध्ये आहे, कुणी सलूनमध्ये, कुणी अ‍ॅपवर येणाऱ्या ऑर्डरी घेतं, तर काही ताई आणि मावश्या बाळ-बाळंतिणीला तेल लावायला घरोघरी जातात. कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात आमची छोटी संघटना आहे. पगार कुणालाच नाही. अध्यक्ष दुपारपर्यंत ग्राहकांची पाठ रगडतात आणि संध्याकाळी सभासदांची गाऱ्हाणी ऐकतात. सचिव ताई रात्री स्वयंपाक आटोपून इतिवृत्त लिहितात.

आता नवी कार्यकारिणी निवडायची आहे. पाच जागा आहेत आणि नाव फक्त एकीनेच दिलं आहे. दुसरीकडे एक स्पामालक अध्यक्ष व्हायला तयार आहेत. बसायला जागा देतो, वकील देतो, पावतीपुस्तकं छापून देतो, असं ते म्हणतात. आमच्यातल्या काहींना हे पटलंय. "दादा, फुकटात एवढं कोण करतं?" असं ते विचारतात. आमचं उत्तर असं आहे, की फुकटात कुणीच करत नाही. तो माणूस किंमत नंतर वसूल करेल आणि ती पगाराच्या दिवशी कळेल. ज्याच्याविरुद्ध थकलेल्या पगाराचा अर्ज लिहायचा, त्याच्याच सहीने तो अर्ज जाणार का?

इतिहास काय सांगतो ते पाहा. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तिच्यामागे ना मोठा निधी होता, ना पगारी नोकरवर्ग. तरी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याच वर्षी लोखंड्यांनी मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांच्याकडून जाहीर करवून घेतलं. मित्रांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. हाताने काम करणाऱ्या माणसांनी संघटित होऊन 'हे काम आमचे हात करणार नाहीत' असं सांगितलं. आमच्यासारख्यांच्या संघटनेचा पाया तिथे आहे.

आणि नेतृत्व आपलं नसलं की काय होतं, तेही गिरण्यांनीच दाखवलं. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. संपाच्या घोषणांमध्ये 'कामगार एकजूट' होती आणि खात्याच्या दारात जात होती. १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न बाबासाहेबांनी लावून धरला, तेव्हा कुठे तो मागण्यांच्या चर्चेत आला. पुढे १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. आमच्या धंद्यात हे दोन्ही एकाच खोलीत भेटतात.

उदाहरण देतो. आमची एक सभासद मावशी एका सोसायटीत बाळाला न्हाऊ घालायला जात होती. वीस-बावीस दिवस सगळं छान चाललं होतं. बाळ तिच्या मांडीवर झोपायचं. एक दिवस तिच्या मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो दिसला आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, "उद्यापासून येऊ नका, आमच्या सासूबाईच करतील." उरलेले पैसे तीन खेपा घातल्यावर मिळाले, तेही अर्धे. मालकाने चालवलेली संघटना याला 'ग्राहकाची पसंती' म्हणेल. आम्ही याला जात म्हणतो. ठरावाच्या वहीत 'जात' हा शब्द लिहायचा असेल, तर पेन आपल्याच हातात असायला हवं.

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप आपल्याच शिकलेल्या तरुणांचा आहे. ते म्हणतात, "बाबासाहेबांनी हलकी कामं सोडायला सांगितली आणि तुम्ही मालिशवाल्यांची संघटना करता?" हो, सांगितली. मेलेलं ढोर ओढणं सोडा, महारवतन सोडा, हे त्यांनी निक्षून सांगितलं. पण ते का सांगितलं? कारण ते काम जन्माने लादलेलं होतं, त्याला धड मजुरी नव्हती आणि नकाराचा हक्क नव्हता. कामाला हलकेपणा येतो तो या तीन गोष्टींमुळे. मालिश हे शिकून येणारं कौशल्य आहे. शरीराची रचना, स्नायूंची दिशा, कोणत्या दुखण्यात हात लावायचा नाही, हे सगळं त्यात शिकावं लागतं. त्याला योग्य मजुरी, नकाराचा हक्क आणि सन्मान मिळवून देणं हेच तर संघटनेचं काम आहे. ज्याला दुसरं काम करायचं आहे त्याने जरूर करावं, मुलांना शिकवावं. पण आज जी ताई हे काम करते आहे, तिला वाऱ्यावर सोडणं म्हणजे आंबेडकरवाद नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. "आपल्या बापजाद्यांनी वेठ केली. आता पुन्हा फुकट राबायचं?" हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही गप्प बसवत नाही, कारण प्रश्न खरा आहे. पण वेठ आणि चळवळीचं काम यांत फरक आहे. वेठ मालकासाठी असते, मर्जीविरुद्ध असते आणि तिचा हिशोब विचारता येत नाही. संघटनेचं पद मताने मिळतं, मुदतीने संपतं आणि त्याचा हिशोब सभेत मांडावा लागतो. म्हणूनच आमची मागणी आहे की पद दोन वर्षांचं असावं, प्रवासखर्च संघटनेने द्यावा, एकीच्या डोक्यावर तीन कामं नसावीत, आणि सभा अशा वेळी असावी की घर सांभाळणाऱ्या ताईंना येता येईल. या अटी नसतील तर बिनपगारी पदाचीही वेठ व्हायला वेळ लागत नाही, आणि ती पहिल्यांदा बायांच्याच माथी येते.

आणि 'स्वयंसेवक' हा शब्द आम्ही वापरत नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे! आमचा शब्द कार्यकर्ता.

तिसरा आक्षेप म्हणजे "आपल्याला जमणार नाही." अमेरिकेत १९४३ साली शिकागोत मालिश करणाऱ्या माणसांनी आपली संघटना स्थापन केली. आजही तिच्या राज्यवार शाखांत हे काम करणारेच लोक वेळ काढून पदं सांभाळतात. तिथल्या बहुतेक राज्यांत आज या व्यवसायाला परवाना आहे, आणि परवान्यासोबत ओळख आहे. त्याच १९४३ साली इथे मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामगार संघटनांना मान्यता देणं मालकांवर बंधनकारक करणारं विधेयक आणलं होतं. आपल्या बापाने आपल्यासाठी कायद्याची वाट पाडली आणि आपण म्हणायचं, जमणार नाही?

जमायला काय लागतं ते सांगतो. संघटनेच्या नोंदणीचा अर्ज सात माणसं करू शकतात. १९२६ च्या कायद्यात ते होतं आणि नव्या संहितेतही आकडा सातच आहे. ई-श्रमवर नोंद करायला आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि बँकेचं खातं लागतं. ग्राहकाने किंवा मालकाने लैंगिक छळ केला आणि जागी दहापेक्षा कमी कामगार असले, तर २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे आमच्या कित्येक ताईंना कुणी सांगितलेलंच नाही. स्पावर धाड पडली की साधी मालिश करणाऱ्या मुलीचंही तोंड ओढणीने झाकून फोटो काढतात. त्या रात्री ठाण्यात तिच्या बाजूला बसून 'ही आमची सभासद आहे, हे तिचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र' असं म्हणणारा माणूस लागतो. यातल्या कशालाही वक्तृत्व लागत नाही. अर्ज लिहिता येणं, वही नीट ठेवणं आणि फोन उचलणं एवढं पुरेसं आहे.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या शिकलेल्या भीमसैनिकाला आमचं थेट सांगणं आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकल्या-सवरलेल्या वर्गाबद्दल खंत व्यक्त केली होती. दरवर्षी ती आठवण आपण स्टेटसला ठेवतो. तुझी आई, मावशी, बहीण हे काम करत असेल तर तिच्या संघटनेची वही तू लिहून दे, अर्ज भरून दे. पण खुर्चीवर तिला बसव. तू अध्यक्ष होऊ नकोस, तिला अध्यक्ष कर.

'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये उपालीची गोष्ट आहे. तथागतांनी शाक्य राजकुमारांच्या आधी त्यांच्या न्हाव्याला दीक्षा दिली, म्हणजे राजकुमारांना त्याला वंदन करावं लागलं. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत संघाचे नियम म्हणून दाखवण्याचा मान याच उपालीला मिळाला. ज्याच्या हातात वस्तरा होता, तो संघाच्या विनयाचा अधिकारी झाला. तेव्हा 'मालिशवालीला घटना काय कळते' असं कुणी म्हणालं, तर त्याला उपाली सांगा.

पाचपैकी चार जागा रिकाम्या आहेत. त्या मालकाने भरायच्या की आपण, एवढंच ठरायचं आहे. नावं द्या.

जय भीम! जय संविधान!