डाळजच्या वाटेवर वेगाचा विचार

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालेला प्रवासी भिगवण मागे टाकून पुढे सरला, की डाव्या हातास पाण्याचा एक रुंद, रुपेरी पट्टा अधूनमधून त्याच्या दृष्टीस पडू लागतो. उजनी धरणाचे हे मागे फुगलेले पाणी होय. भीमेवरील हे धरण 1980 साली पुरे झाले आणि नदीकाठच्या अनेक गावांना आपली घरेदारे उचलून उंचावर यावे लागले. डाळज हे ह्याच पट्ट्यातील नाव; क्रमांक 1, 2 व 3 अशी ह्या नावाची तीन गावे येथे आहेत. थोडे पुढे पळसदेव लागते. तेथील जुने देऊळ पाण्यात आहे आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे त्याचे शिखर वर येते. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे ह्या उथळ पाण्यात उतरतात, ते पाहण्यास दुरून माणसे येतात.

माघी एकादशीस मातोश्रींना पंढरपुरास घेऊन जाताना आम्ही डाळजपाशी चहाकरिता थांबलो होतो. बरोबर वहिनी होत्या आणि मोटार हाकण्यास त्यांचे चिरंजीव होते. दिवस कलला होता. रस्त्याच्या कडेने उसाने लादलेल्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. इतक्यात एक मोटारसायकल कानठळ्या बसवीत निघून गेली. मातोश्रींच्या हातातली चहाची बशी हिंदकळली.

"आजी, ही आपल्या बारामतीची गाडी!" चिरंजीव उल्हासाने म्हणाले.

वहिनींचा चेहरा मात्र उतरला. कारण ह्याच गाडीवरून आमच्या घरात वर्षभर वाद चालू होता. चिरंजीवांना ती हवी होती, वहिनींचा ठाम नकार होता आणि वडील बंधूंनी निवाड्याचे काम आमच्यावर सोपविले होते. मातोश्री आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तू श्रावणात ह्याच्याबरोबर त्या कोइमतुरास जाऊन आलास. काय पाहिलेस, ते एकदा सांग तरी!" तेव्हा तेथे बाकावर बसून जे सांगितले, तेच येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम ह्या गाड्यांचे कुळ सांगितले पाहिजे. डाळजहून फार लांब नसलेल्या बारामतीस पियाज्जिओ ह्या इटालियन कंपनीचा कारखाना आहे. तीनचाकी आपे आणि व्हेस्पा स्कूटर ह्या त्याच्या गाड्या आपल्या ओळखीच्या आहेत. एप्रिलिया हे शर्यतींत गाजलेले इटालियन नाव 2004 पासून ह्याच कंपनीच्या छत्राखाली आले, आणि 2023 च्या डिसेंबरात एप्रिलिया आर. एस. 457 ही बारामतीस घडविलेली गाडी बाजारात आली. तिच्या जोडीस आम्ही दोन गाड्या पाहिल्या: केटीएम आर. सी. 390 आणि कावासाकी निंजा 300. पहिलीचे नाव ऑस्ट्रियाचे, दुसरीचे जपानचे. पण ह्या दोघी चाकणहून निघालेल्या. म्हणजे तिघी एका पुणे जिल्ह्याच्याच लेकी. मात्र त्यांचा कस पाहण्यास आम्हांस कोइमतूरजवळ चेट्टीपाळयम् येथपर्यंत जावे लागले. तेथे करिवर्धन ह्या शर्यतपटूच्या नावाने सुमारे 2.1 किलोमीटर लांबीचा वळणावळणांचा शर्यतमार्ग आहे. चिरंजीवांनी एका शिकवणीवर्गात नाव घातले होते. दोन मित्रांच्या गाड्या व एक भाड्याची, अशी तिघींची सोय झाली होती.

आम्ही दिवसभर एका वळणाच्या बाहेर, कुंपणामागे उभे होतो. सरळ टप्प्यावरून गाडी गेली, की अडाण्यासही ती वेगवान वाटते; तेथे तिघींतला भेद आम्हांस मुळीच कळेना. तो कळला वळणाच्या तोंडाशी.

निंजाच्या यंत्रात दोन सिलिंडर असून त्यांची क्षमता 296 घनसेंटिमीटर आहे. चाक फिरविणारा जोर, ज्यास यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात, तो जेमतेम 26 न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटास 10,000 फेऱ्यांच्या आसपास लाभणारा. म्हणून वळणातून बाहेर पडताना गियर चुकला, की ती थंड पडते आणि यंत्र पुन्हा चढत्या सुरास लागेपर्यंत वाट पाहावी लागते. ब्रेक दाबताच तिचे तोंड खाली झुके. पण तिचा स्वभाव समंजस. स्वाराची लहानसहान चूक ती पोटात घाली.

केटीएमचे यंत्र एकाच सिलिंडरचे, 373 घनसेंटिमीटरचे. जोर 37 न्यूटन-मीटर. ती वळणातून ठोसा मारल्यासारखी बाहेर येई. मूठ सोडताच यंत्रच तिला मागे ओढी, आणि कल देताच ती झटकन वळे. परंतु तिचे हँडल खाली असल्याने स्वाराचा भार मनगटांवर येतो, आणि सरळ टप्प्याच्या शेवटी यंत्राची थरथर हातांत उतरते. पाच फेऱ्या मारून उतरल्यावर चिरंजीव बराच वेळ मनगटे चोळीत बसले होते.

बारामतीच्या गाडीत 457 घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडर आहेत. त्यांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत, कारण तिच्या दोन दट्ट्यांमध्ये 270 अंशांचा फरक ठेवला आहे. म्हणून तिचा आवाज एकसुरी नसून ठेक्याचा वाटतो. जोर साडेत्रेचाळीस न्यूटन-मीटर, वजन 175 किलो, सांगाडा अॅल्युमिनियमचा. वळणात ती एकसंध, जणू एकाच तुकड्यातून कोरलेली भासे. जेथे निंजावर दोनदा गियर बदलावा लागे, तेथे हिच्यावर एकदाच पुरे होई.

मग श्रेष्ठ कोण? कागदावर उत्तर सोपे आहे. तिघींची शक्ती अनुक्रमे सुमारे 39, 43 व 47 अश्वशक्ती. तेव्हा बारामतीची गाडी पहिली. पण त्या दिवशी आम्ही पाहिले ते निराळेच. सर्वांत बलवान गाडीवर चिरंजीव सर्वांत वेळा मार्ग सोडून बाहेर गेले! सरळ टप्प्यावर ती त्यांना अधिक वेगाने वळणापाशी आणी आणि ब्रेक लावण्याची त्यांची खूण मात्र जुनीच राही. उलट निंजावर त्यांच्या फेऱ्या एकसारख्या व नीटस होत. शिक्षकांनी त्यांना समजाविले ते आमच्याही कायमचे ध्यानात राहिले. टायरची पकड ही घरातल्या शिलकेसारखी आहे. ती सगळी ब्रेकापायी खर्च केली, तर वळण्यास काही उरत नाही. म्हणून ब्रेक आधी, गाडी सरळ असताना. मग नजर वळणाच्या पलीकडे. आणि मूठ शेवटी, हळूहळू पिळावयाची.

येथवर ऐकून मातोश्रींनी विचारले, "मग भीती कशाची ती सांग!"

आम्ही उत्तर देण्याआधीच चिरंजीव बोलू लागले. त्यांचा स्वर बदलला होता. "काका, एक गोष्ट मी तुम्हांलाही सांगितली नाही. गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात मित्राची गाडी घेऊन मी रात्री ह्याच रस्त्याने आलो होतो. येथून थोडे अलीकडे पुढे उसाची ट्रॉली होती. मागे दिवा नव्हता. मी कसा वाचलो ते मला ठाऊक नाही. मला वाटत होते, मी चपळाईने वाचलो. कोइमतुरास कळले, की मला ब्रेक लावताच येत नव्हता."

कोणीच काही बोलले नाही. वहिनींनी पदराने डोळे टिपले.

हिशेब अगदी साधा आहे. ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 20 मीटर जाते. ताशी 144 वेगाने 40 मीटर. परंतु थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. चांगल्या ब्रेकानेही पहिलीस सुमारे 25 मीटर लागले, तर दुसरीस 100 लागतात. आणि हात ब्रेकाकडे जाईपर्यंतचे अंतर त्याहून वेगळे. दिव्याच्या उजेडाबाहेर उभी असलेली ट्रॉली त्याच्या आतच येते. शर्यतमार्गावर प्रत्येक वळणावर निशाण घेतलेला मनुष्य उभा असतो आणि पलीकडे कोणी पडला असल्यास आधीच सूचना देतो. समोरून कोणी येत नाही. बैलगाडी नाही, कुत्रे नाही. डाळजच्या रस्त्यावर निशाण कोण दाखविणार?

युरोपात मधल्या वर्गाच्या परवान्यावर 35 किलोवॅट, म्हणजे सुमारे 47 अश्वशक्तीपर्यंतचीच गाडी चालविता येते. बारामतीचे हे यंत्र नेमके त्या मर्यादेवर बेतले आहे. आपल्याकडे वयाची 18 वर्षे पुरी झाली आणि गियरच्या दुचाकीचा परवाना मिळाला, की कितीही शक्तीची मोटारसायकल हाती घेता येते. तेव्हा पायऱ्या घालण्याचे काम घरातील माणसांनाच करावे लागते.

आम्ही आमचा निवाडा तेथेच सांगितला. एक वर्ष चिरंजीवांनी मित्राच्या जुन्या निंजावर, शर्यतमार्गावरच, शिक्षकांच्या नजरेखाली शिकावे. खर्चाचा अर्धा वाटा आम्ही उचलू. त्यांच्या फेऱ्या शिक्षकांच्या पसंतीस उतरल्या, म्हणजे बारामतीच्या गाडीचा विचार करावा. सूर्यास्तानंतर ह्या रस्त्यावर दुचाकी नाही. चिरंजीवांनी मान डोलाविली. वहिनी एवढेच म्हणाल्या, "मला सांगून जात जा, म्हणजे झाले."

मातोश्रींनी बशीतला थंड चहा संपविला आणि आम्ही निघालो. पळसदेव आले, तेव्हा पाणी भरलेले होते. देवळाचे शिखर दिसले नाही. मातोश्रींनी त्या दिशेस हात जोडले. इंदापूर येईपर्यंत उसाच्या तीन ट्रॉल्या लागल्या. प्रत्येक वेळी चिरंजीवांनी दुरूनच वेग कमी केला, बाजूची वाट मोकळी असल्याचे पाहिले आणि मग मोटार पुढे काढली. वहिनी मागे डोळे मिटून बसल्या होत्या. त्या झोपल्या असे आम्हांस वाटले होते. पण पंढरपुरास उतरल्यावर त्यांनीच आम्हांस सांगितले, की तिन्ही वेळा त्यांनी मोजल्या होत्या.