नाकामागची वाट

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि पेनाचं टोक नाकाच्या मागे टेकवलं. ‘‘हा करडा फुगवटा म्हणजे अ‍ॅडिनॉइड. ही काळी रेघ दिसतेय ना, तेवढीच वाट उरलीये हवेला.’’ रेघ दोऱ्याएवढी होती.

लेक पाच वर्षांची. रात्री तोंड उघडं टाकून घोरायची, नाक कायम वाहतं. सासूबाई म्हणायच्या, ‘‘अगं, द्राक्षांच्या दिवसांतली नाशिकची थंडी आहे ही. सुंठ उगाळून लाव.’’ अ‍ॅडिनॉइड हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, काढूनच टाका. जाऊबाई म्हणाल्या, एवढ्याशा पोरीला भूल द्यायची? डॉक्टर सांगत होते, हा मांसल भाग प्रत्येक मुलाला असतो, सहा-सात वर्षांपर्यंत वाढतो, पुढे आपोआप आक्रसतो. मग काढायचं की थांबायचं? मला काही उमगेना.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘‘टीव्हीचा आवाज वाढवते का?’’

वाढवायची. हाक मारली तरी लक्ष नसतं, असं बालवाडीतल्या बाईही म्हणायच्या. मधल्या कानातून नाकामागे येणाऱ्या नळीचं तोंड अ‍ॅडिनॉइडला लागूनच असतं. ते दबलं की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. पडद्याची हालचाल मोजणारी तपासणी केली, आलेख सपाट आला, म्हणजे पाणी साचलेलं होतं. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये अ‍ॅडिनॉइड वाढण्याचा हा आजार नीट मांडला, तोसुद्धा कमी ऐकू येणाऱ्या एका तरुणीला तपासताना. तरी आजही मुलांच्या सर्दीची जेवढी चौकशी होते तेवढी कानांची होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांचं ऐकणंही तपासतात. खासगी बालवाडीतल्या आमच्या लेकीपर्यंत या कार्यक्रमाचं पथक येत नाही.

सध्या स्टेरॉइडचा फवारा सुरू आहे. नाव ऐकूनच पोटात गोळा आला होता, पण त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं म्हणे. मान किंचित खाली, बाटलीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, आणि जोरात हुंगायचं नाही. तीन महिन्यांनी कान पुन्हा तपासायचे. पाणी तसंच असेल तर अ‍ॅडिनॉइड काढून कानाच्या पडद्यात ग्रोमेट, म्हणजे बारीकशी नळी, बसवायची. झोपेत श्वास थांबताना दिसला तर मात्र लगेच यायचं. तोवर शाळेत पहिला बाक, आणि घरात तिला हाक मारायची ती समोर जाऊन.