मिशी आणि मागचें दार

मनुष्याचें शील त्याच्या मिशीवरून ओळखावें, अशी भवानीशंकर या गृहस्थांची दृढ श्रद्धा आहे. हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘गोलमाल’ या १९७९ सालच्या हिंदी बोलपटांतले हे व्यापारी तसे मोठे सज्जन. परंतु खेळाचा नाद असलेला, फॅशनचे कपडे घालणारा, मिशी उडविलेला तरुण दिसला कीं त्यांच्या कपाळास आठी पडलीच. नोकरीच्या शोधांत असलेल्या रामप्रसादास ही गोष्ट आधींच कळते. तो आंखूड सदरा चढवितो, खेळांतलें आपणांस ओ कीं ठो ठाऊक नाहीं असा चेहरा करतो आणि नोकरी पटकावितो. पुढें आईचें निमित्त सांगून तो हॉकीचा सामना पाहावयास जातो, नेमका मालकांच्याच दृष्टीस पडतो, आणि ‘तो मी नव्हे, तो माझा जुळा भाऊ लक्ष्मणप्रसाद’ अशी थाप ठोकून देतो. मिशी लावली कीं राम, काढली कीं लक्ष्मण!

अमोल पालेकर यांनीं ही दुहेरी भूमिका इतक्या साधेपणानें केली आहे कीं, सर्व खोटेपणा डोळ्यांपुढें होत असूनहि आपण रामप्रसादाचीच बाजू घेतों. भवानीशंकर झाले आहेत उत्पल दत्त. बंगाली रंगभूमीवरचा हा कट्टर डाव्या मताचा नट १९६५ सालीं तुरुंगाची हवा खाऊन आलेला. त्यानेंच पेढीच्या मालकाचें काम एवढ्या मायेनें करावें, यांतहि एक विनोद आहेच.

लोक या बोलपटाविषयीं बोलतात तें मिशीविषयीं. मला मात्र तो पाहतांना दर वेळीं दुसरीच गोष्ट जाणवते. या कथेंत आई नाहीं. रामप्रसादाची आई केव्हांच निवर्तलेली. भवानीशंकरांच्या घरीं मुलीच्या आत्याबाई आहेत (आणि शुभा खोटे यांनीं त्या छान केल्या आहेत), पण आई दिसत नाहीं. वडिलांचा धाक आणि मुलांचा उनाडपणा यांच्या मधोमध आपल्या घराघरांतून जें माणूस उभें असतें, तेंच येथें गैरहजर आहे. मग तिचें काम थापेला करावें लागतें. आणि ती थाप वाढतां वाढतां कोठें जाऊन पोंचते? मालकांना दाखविण्यासाठीं एक आईच पैदा करावी लागते! दीना पाठक यांनीं रंगविलेली ती नाटकवेडी श्रीमंत बाई साधें पातळ नेसून रामप्रसादाची माता होते, आणि एकदां तर स्वयंपाकघराच्या खिडकींतून घरांत शिरते. प्रेक्षागृहांत येथें हंशा पिकतो तो उगीच नव्हे. आई आणि चोरवाट यांचें नातें सर्वांच्याच ओळखीचें असतें.

शेवटची धांवपळ मला थोडी लांबलेली वाटते. पण बापाला मिशीवाला राम जांवई म्हणून हवा आणि मुलीला बिनमिशीचा लक्ष्मण हवा, ही कल्पना मात्र नामी आहे. पुरा माणूस कोणीच मागत नाहीं.

आमच्या घरीं चोरखिडकी नव्हती. मागचें दार होतें. दिवेलागणीच्या आंत मुलांनीं घरीं आलेंच पाहिजे, हा अण्णांचा दंडक. थोरल्या दादाला क्रिकेटचें वेड. दिवे लागत, शुभंकरोति होई, आणि अण्णा विचारीत, “हा कोठें आहे?” आई चुलीपासून न उठतां म्हणे, “अहो, मींच त्याला दळण आणावयास धाडलें आहे.” आमच्या घरीं त्या काळीं किती दळण लागत असे, याचा हिशेब कोणी केला नाहीं. मागच्या दाराला कडी घालावयास ती रोज विसरे. दुसरी कोणतीहि गोष्ट ती विसरल्याचें मला आठवत नाहीं.

अशा आठवणी आपण हंसत हंसत सांगतों. पण दादाला बसावयाचा शब्दांचा मार तिला बसे. “तूंच लाडावून ठेवलें आहेस त्याला,” असें अण्णा म्हणत. आणि अण्णांवरचा राग दादा ताट सरकवून तिच्यावरच काढी. “त्याला सांग, गुणपत्रिका दाखीव म्हणावें.” “अण्णांना सांग, मला डॉक्टर व्हायचें नाहीं.” एकाच खोलींत बसलेल्या दोन माणसांचे निरोप ती पोंचवीत असे, आणि पोंचवितांना प्रत्येकांतला कांटा तेवढा काढून ठेवीत असे. ते कांटे तिनें कोठें ठेवले कोण जाणे.

ती १९८१ सालीं गेली. त्यानंतर कित्येक महिने त्या दोघांना एकमेकांशीं बोलतांच येईना. दादा कामावर जातांना चहाच्या पेल्याखालीं चिठ्ठी ठेवून जाई: ‘आज उशीर होईल.’ अण्णा त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहीत: ‘बरें.’

पुढें दूरदर्शनवर एकदां ‘गोलमाल’ लागला. अण्णा सहसा चित्रपट पाहत नसत. त्या दिवशीं ते शेवटपर्यंत बसले. अखेरीस सर्व कुटुंबाचें छायाचित्र निघतें, आणि त्यांत खुद्द भवानीशंकर मिशी काढून बसलेले दिसतात. आम्ही सारीं हंसलों. अण्णा हंसले नाहींत.

“एवढा खटाटोप कशाला?” ते म्हणाले. “सरळ सांगितलें असतें तर?”

“तुम्हीं ऐकून घेतलें असतें, अण्णा?” दादानें विचारलें.

अण्णांनीं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. “नसतें,” ते म्हणाले. मग चष्मा चढवीत त्यांनीं विचारलें, “काल तुमच्या त्या सामन्यांत काय झालें रे?”