संयम आणि भिडस्तपणा

शृंगाररसाचे संभोग आणि विप्रलंभ हे दोन प्रकार फळ्यावर लिहून झाले, की दुसऱ्यापाशी मी दरवर्षी जरा अधिक रेंगाळतो. यंदा उदाहरण म्हणून विल्यम वायलर यांच्या 'रोमन हॉलिडे' (१९५३) या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग वर्गात दाखवला. तो संपल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो गप्प राहिला म्हणून मोठा, की त्याने बातमी सोडली म्हणून?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दौऱ्याला कंटाळलेली राजकन्या अॅन रोममध्ये रात्री गुपचूप बाहेर पडते. ती कोण हे जो ब्रॅडली या अमेरिकन बातमीदाराला कळते, पण तो स्वतःची ओळख लपवतो. कारण तिच्या खास मुलाखतीचे पाच हजार डॉलर देण्याचे संपादकाने कबूल केलेले असते. एक दिवस दोघे शहरभर भटकतात, प्रेमात पडतात आणि ती आपणहून कर्तव्याकडे परत जाते. दुसऱ्या दिवशी पत्रकारांच्या रांगेत तिला तो दिसतो. ऑड्री हेपबर्न आणि ग्रेगरी पेक यांनी हा प्रसंग जवळजवळ केवळ डोळ्यांनी पेलला आहे. ती आत निघून जाते आणि तो त्या लांबच लांब दालनातून एकटा चालत बाहेर येतो.

मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, एका फिल्म सोसायटीत. त्याच वर्षी वर्गातली एक मैत्रीण दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी मिळून निघून गेली. दोन वर्षे आम्ही ग्रंथालयातल्या एकाच टेबलावर अभ्यास केला होता. एस.टी. स्टँडवर तिने खिडकीतून विचारले, "आणखी काही?" मी म्हणालो, "पोचलीस की कळव." गाडी सुटली. परतताना मला ब्रॅडलीची ती चाल आठवली आणि आपणही काही उदात्त केले आहे, असे वाटले. हा समज मी वीसेक वर्षे जपला. त्याला मी 'संयम' म्हणत असे.

हॉलिवूडच्या सुवर्णकाळातील प्रेमपट संयत होते, असे आपण सहज म्हणतो. त्या संयमामागे केवळ अभिरुची नव्हती, बंधनही होते. १९३० साली तयार झालेली निर्मितीसंहिता १९३४ पासून कठोरपणे अमलात आली आणि १९६८ पर्यंत टिकली. विवाहबाह्य संबंध आकर्षक दाखवू नयेत, चुंबनात वासना दिसू नये, अशी तिची कलमे होती. हिचकॉकने 'नटोरियस'मध्ये (१९४६) त्यातून वाट काढली. केरी ग्रँट आणि इंग्रिड बर्गमन क्षणभर चुंबन घेतात, थांबतात, रात्रीच्या जेवणाविषयी बोलतात, तसेच बिलगून टेलिफोनपर्यंत जातात आणि पुन्हा जवळ येतात. बंधनामुळे तुकडे झालेला तो प्रसंग अखंड चुंबनाहून अधिक उत्कट झाला आहे. मात्र सूचकतेचे सारे श्रेय संहितेला देता येणार नाही. फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट' १९३४ च्या प्रारंभीचा, म्हणजे कठोर अंमलबजावणीपूर्वीचा आहे. त्यात दोन खाटांमध्ये दोरीवर टाकलेले एक पांघरूणच सारी प्रेमकथा सांगून जाते. शेवटी ते पांघरूण खाली पडते, आणि आपल्याला आणखी काही दाखवावे लागत नाही.

हे सारे ध्वनिसिद्धान्ताच्या परिभाषेत वर्गात मांडताना मला नेहमीच आनंद होतो. पण त्या मुलीच्या प्रश्नाने एक साधी गोष्ट ध्यानात आणून दिली. व्यंग्यार्थाला वाच्यार्थाचा आधार लागतो. काहीतरी उच्चारले जाते, काहीतरी केले जाते, तेव्हाच त्यातून अधिक काही सूचित होते. निव्वळ मौनाला ध्वनी नसतो.

'रोमन हॉलिडे'तला तो प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहिला. सर्वांत अधिक कोणते शहर आवडले, असा प्रश्न येताच अॅन ठरलेले, कोणालाही न दुखावणारे उत्तर देऊ लागते. मग मध्येच ते टाकून देऊन ठामपणे रोमचे नाव घेते. भर सभेत, त्याच्यासमोर, तिने सांगितलेलेच असते! ब्रॅडलीने बातमीवर आणि पैशांवर पाणी सोडलेले असते. त्याचा छायाचित्रकार मित्र त्या दिवसाची सारी छायाचित्रे पाकिटात घालून तिच्या हाती देतो. 'कासाब्लांका'चा (१९४२) नायक रिकही मूक नाही. दोघांच्या वतीने विचार करण्याचे इल्साने त्याच्यावर सोपवलेले असते. तो तिला पतीसोबत विमानात बसवतो, पण का, हे विमानतळावर तिला समजावून सांगतो आणि तिच्यासाठी प्राणांची जोखीम पत्करतो. या माणसांनी जे सोडले ते आधी त्यांचे झालेले होते. सोडण्यापूर्वी त्यांनी ते समोरच्याला दिले होते.

मी काय सोडले होते? काहीच नाही. बोललो असतो तर काय घडले असते, या प्रश्नाला आता अर्थ उरलेला नाही. कदाचित तिने नकार दिला असता. पण तो नकार देण्याची संधीही मी तिला दिली नाही. 'आणखी काही?' हा प्रश्न तिने सहज विचारला होता की तिला काही ऐकायचे होते, हे मला कधीच कळणार नाही. माझा संयम हा निव्वळ भिडस्तपणा होता. त्याला मी एका सुंदर चित्रपटाचे नाव दिले होते, एवढेच.

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थिनीला सांगितले, "बातमी सोडली म्हणून." तिने ते वहीत लिहून घेतले. हा प्रश्न परीक्षेला येणार नाही, हे तिलाही ठाऊक असावे.