कडेचं सांग

माईंची नजर शाबूत असती, तर फोटो कसा बघायचा ते मला कुणी शिकवलं नसतं. जुन्या छायाचित्रांच्या नोंदी करणं हा आज माझा पोटापाण्याचा धंदा आहे, पण ती विद्या मी कुठल्या वर्गात घेतलेली नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या एका बाईंनी ती मला दिली, आणि त्यांना त्या वेळी धड दिसतही नव्हतं.

१९८६ साली रत्नागिरीहून नोकरीसाठी मुंबईला आले आणि माईंच्या घरातली मागची खोली भाड्यानं घेतली. त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. समोर पाहिलं की मधोमध करडा डाग आणि कडेकडेनं थोडंसं दिसणार. त्यामुळे माझ्याशी बोलताना त्या मान वळवून खिडकीकडे बघत. मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही असं त्यांना वाटू नये म्हणून मी फार नीट बसायचे, आणि त्या मात्र खिडकीशी बोलल्यासारख्या बोलायच्या. आधी पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पेपरातल्या बातम्यांना त्या लवकर कंटाळल्या. मग कपाटातून अल्बम निघाले.

माईंचे वडील जी. आय. पी. रेल्वेत होते, बोरीबंदरच्या कचेरीत. पास मिळायचा, त्यामुळे सुट्टी लागली की हिंडणं. कोडॅकनं १९०० साली एका डॉलरला ब्राउनी विकायला काढल्यापासून कॅमेरा ही फक्त स्टुडिओवाल्याची चीज राहिली नव्हती. माईंच्या वडिलांनी मात्र ब्राउनीवर न भागवता भात्याचा, घडी होणारा मोठा कोडॅक घेतला होता. त्याचा फोटो पोस्टकार्डाच्या मापाचा यायचा, सव्वातीन बाय साडेपाच इंच. काळ्या जाड कागदाची पानं, फोटोंना चिकटवलेले कागदी कोपरे, खाली पांढऱ्या शाईत ठिकाणाचं नाव. काही पानांना कसर लागलेली. मधून मधून विकतची चित्रकार्डंही चिकटवलेली, कारण राजाबाई टॉवर आपण काढण्यापेक्षा चार पैशांत चांगला मिळतो, हे त्या व्यवहारी माणसाला कळत होतं.

मी फोटोचं वर्णन सुरू करायचे ते अर्थातच मधल्या गोष्टीपासून. मधे देऊळ आहे, मधे किल्ल्याचा दरवाजा आहे. माई हात हलवायच्या. "मधलं राहू दे गं, ते मला ठाऊक आहे. कडेचं सांग."

एका फोटोखाली नुसतं 'पालवा बंदर' लिहिलेलं होतं, साल नाही. मी सांगितलं, समुद्र आहे, मचवे आहेत, माणसं उभी आहेत.

"ताज दिसतं का?"

"हो, उजव्या कडेला. घुमटासकट."

"आणि गेटवे?"

"नाही."

"मग तीन ते चोवीस," माई म्हणाल्या. म्हणजे ताजमहाल हॉटेल उघडलं तो १९०३ चा डिसेंबर आणि लॉर्ड रीडिंगनं गेटवेचं उद्घाटन केलं तो १९२४ चा डिसेंबर, यांच्या मधलं. १९११ साली राजा-राणी उतरले त्यांच्या स्मरणार्थ ही कमान, असं आपण शाळेत शिकतो. पण ते उतरले तेव्हा दगडी कमान नव्हतीच. जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर व्हायलाच १९१४ उजाडलं. त्यानंतर चार-पाच वर्षं समुद्रात भराव घालण्यात गेली आणि पाया पुरा झाला तो १९२० मध्ये. हे मला माईंनीच सांगितलं, आणि पुढे विचारलं, पाण्याच्या कडेला काय आहे, नीट कठडा की दगडधोंडे? दगडांचे ढीग होते. "म्हणजे भरावाचं काम चाललंय. मी पाच-सहा वर्षांची असेन. शोध मला."

डाव्या कडेला, चौकटीनं अर्धी कापलेली, परकरातली एक मुलगी सापडली. तिचं तोंड समुद्राकडे नव्हतं, खारे दाणे विकणाऱ्याकडे होतं. माई खूश झाल्या. दाण्यांसाठी रडल्याचं त्यांना आठवत होतं.

फोटोतल्या इमारतीची आपण वाहवा करतो, पण तिचा खरा उपयोग घड्याळासारखा असतो, हे मला तिथे कळलं. जी वास्तू आहे ती एक टोक देते आणि जी अजून नाही ती दुसरं. पुढे कामात मी हे कितीदा वापरलं असेल! काळ्या घोड्याच्या चौकात घोड्यावर बसलेला राजा असेल तर फोटो १९६५ च्या आधीचा, कारण त्या साली राजाचा पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. गाडीच्या डब्यांना खंडाळ्याजवळ मागून इंजिन लागताना दिसलं, तर १९२९ च्या आधीचा. भोर घाटात १८६३ पासून गाडी एका ठिकाणी थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट्या दिशेनं वर चढायची. नवा मार्ग झाला आणि ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं. माईंच्या वडिलांनी तिथे इतके फोटो काढले होते की मी कंटाळायचे. रेल्वेच्या माणसाला इंजिनाचा मोह सुटत नाही. त्यांच्या अल्बमातलं शेवटचं इंजिन दख्खनच्या राणीचं, १९३० चं, विजेवर चालणारं.

अजिंठ्याचं पान मात्र अगदीच फिकं. लेण्यांत अंधार आणि हातातल्या कॅमेऱ्याची फिल्म मंद. जळगावपर्यंत पास, पुढे टांगा आणि बैलगाडी, फर्दापूरला मुक्काम, एवढी यातायात करून हाती आलं ते बाहेरच्या डोंगराचं चंद्रकोरीसारखं वळण आणि पायऱ्यांवर दमून बसलेली मंडळी.

काशीच्या पानावर मात्र आम्ही पुष्कळ दिवस अडून राहिलो. तोवर वडिलांनी जुन्या कॅमेऱ्याला नवी पाठ बसवून घेतली होती. कोडॅकनं १९१४ साली अशी सोय काढली की कॅमेऱ्याच्या मागचं बारीक झाकण उघडून लोखंडी लेखणीनं लिहिलं की अक्षरं फिल्मच्या कडेवर उमटत. त्यामुळे या फोटोंवर साल आहे, १९२१. नावेतून काढलेला पंचगंगा घाट, वर औरंगजेबाच्या मशिदीचे दोन उंच मनोरे. काशीकर त्यांना माधोरावचे धरहरे म्हणत. आज काशीला जाणाऱ्याला ते दिसत नाहीत. १९४८ साली एक कोसळला आणि दुसरा धोक्याचा म्हणून उतरवला. माई दहा वर्षांच्या होत्या, त्या आतल्या जिन्यानं अर्ध्यापर्यंत चढून घाबरून परत आल्या होत्या.

त्या फोटोत नावेच्या कडेला पाठ करून बसलेली एक काळी आकृती होती. मी म्हटलं, काळं पांघरलेली कुणी बाई आहे.

माई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "काळं नाही ते. लाल आहे. माझी आजी."

त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असे. निळं तिला फार दिसायचं, म्हणून जुन्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं येतं. लाल अजिबात दिसायचं नाही, म्हणून ते काळं होतं. सगळे रंग ओळखणारी फिल्म सर्रास वापरात यायला १९३० चं दशक लागलं. आजी सोवळी होती, लाल आलवणातली. मुलानं कॅमेरा रोखला की ती पाठ फिरवायची. काशीला नेलं ते तिच्यासाठीच, पण एकाही फोटोत तिचं तोंड नाही. मी त्या पानावर पेन्सिलीनं 'आलवण, लाल' असं लिहावं, असा माईंनी आग्रह धरला. आजही लाल कुंकू काळं आणि लाल लुगडं काळं आलेल्या फोटोंसमोर बसले की रंगाचा रकाना भरण्याआधी मी थांबते. ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही ते जुन्या काळाला उगाच सुतकी ठरवतात.

महिनाअखेरीला मी भाडं दिलं की माई त्यातून काही नोटा परत करायच्या. शिवणावळ असते, धुणावळ असते, तशी ही बघणावळ, म्हणायच्या. मी नको म्हटलं तर रागवायच्या. माझी पहिली नोकरी सुटली त्या पावसाळ्यात त्यांनी भाड्याचं नावच काढलं नाही, आणि अल्बम मात्र रोज काढले, मला घरात बसून रडायला सवड मिळू नये म्हणून असावं. त्यानंतर एका संग्रहालयातल्या कामासाठी मुलाखत होती. तिथे एक फोटो हातात देऊन काय दिसतं ते सांगा म्हणाले. मी डाव्या कडेपासून सुरुवात केली. ती नोकरी मिळाली.

रत्नागिरीचं पान आलं तेव्हा सांगायची पाळी माझी होती. १९१३ साली आगबोटीनं केलेली सफर. बोट दूर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला यायची, हे मी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं. माई तेव्हा दोन वर्षांच्या, त्यामुळे त्यांना त्यातलं काही आठवण्यासारखं नव्हतं. फोटोत लांबवर टेकाडावर थिबा राजाचा राजवाडा होता. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा १८८५ साली पदच्युत झाला आणि इंग्रजांनी त्याला पुढे आमच्या गावात आणून ठेवला. १९१० मध्ये तो या नव्या वाड्यात राहायला आला आणि १९१६ च्या डिसेंबरात तिथेच वारला. म्हणजे या फोटोच्या क्षणी तो आत होता. मी माईंना वाड्याच्या गच्चीवरून दिसणारी भाट्याची खाडी, अर्धगोल खिडक्या, सगळं सांगत सुटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला.

कडेला त्यांची आई नव्हती. वडील होते, टोपी घालून, कडेवर चिमुकली माई. आणि मागची समुद्राची रेघ सरळ नव्हती, एका अंगाला चांगलीच कलली होती.

"म्हणजे आईनं काढलाय," माई म्हणाल्या, जशी ही रोजचीच बाब.

त्या कॅमेऱ्यात पोटाशी धरून वरून इवल्याशा काचेत बघावं लागे आणि त्यात डावं-उजवं उलटं दिसे. नऊवारीचा पदर सावरत, लोकांच्या नजरा झेलत, ते यंत्र सरळ धरणं आईला जमत नसे. म्हणून तिच्या हातचं पाणी नेहमी कललेलं. पण माईंनी आणखी एक खूण सांगितली. बाबांना कळस हवा असायचा, त्यासाठी ते माणसांचे पाय कापायचे. आई कळस कापायची, पण माणसं डोक्यापासून पायांपर्यंत पुरी घ्यायची. मग आम्ही अल्बम पुन्हा पहिल्यापासून काढले. घाटातला एक फोटो, रायगडावर बाजारपेठेच्या ओट्यांवर बसलेल्या गड्यांचा एक, काशीला नावाड्याच्या पोराचा एक. बाबा त्या फोटोंत नव्हते, म्हणून हे त्यांचेच असं कुणीही धरून चाललं असतं.

निगेटिव्ह हाती असत्या तर काम सोपं झालं असतं. त्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती दमट हवेत पिवळी पडते, चिकटते आणि उग्र वास मारते. शिवाय चटकन पेट घेते. डबा उघडला तर आत एक तपकिरी गोळा झाला होता. माईंनी हात लावून बघितला आणि टाकून दे म्हणाल्या.

माई १९९३ साली गेल्या. त्यांच्या भाच्यांनी अल्बम एका संस्थेला दिले, जपून ठेवले जातील या चांगल्या हेतूनं. संस्थेनं यादी छापली, त्यात सगळ्या फोटोंपुढे छायाचित्रकार म्हणून वडिलांचं नाव. मी पत्र पाठवलं. पुरावा काय, असं उत्तर आलं. विचारणं रास्तच होतं. कलतं पाणी आणि न कापलेले पाय हा पुरावा कागदावर फार पोरकट दिसतो.

मग मी परवानगी घेऊन एकेक पान मोजायला बसले. क्षितिज किती अंशांनी कललंय, कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर धरलाय, कोण फोटोत आहे आणि कोण नाही, असा तक्ता. आई बुटकी होती, त्यामुळे उंचीचा फरक निघतो. संस्थेतल्या नव्या बाईंना हे पटलं आहे. पहिल्या दोन अल्बमांपुरती दुरुस्ती त्यांनी यादीत करून घेतली. आता बाकी आहेत ते पुढचे दोन, आणि त्यातल्या रायगडाच्या पानावर माझं अडलं आहे. गडावर समुद्राची रेघ नाही, उतार सगळीकडेच आहे.