अंबरनाथ येथें कालदर्शन

गेल्या माघांत आम्ही नातवासह ठाण्याहून आगगाडीनें अंबरनाथास गेलों. ठाण्यास गाडी १८५३ सालीं आली, कल्याणास १८५४ सालीं. वालधुनीकांठचें शिवालय मात्र शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें. शिलालेखांत शिलाहार राजा मांवाणि ऊर्फ मुम्मुणि याचें नांव आहे.

पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत जावें, तों माथ्यावर उघडें आकाश! नातवानें विचारलें, "आजोबा, छप्पर कां नाहीं?"

आम्हांस इंग्रज चित्रकार हॉगार्थ याचें १७६४ सालचें उपहासचित्र आठवलें. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या त्या चित्रांत पंखधारी वृद्ध काळ स्वतःच मरणोन्मुख पडला आहे. विळा मोडलेला, चिलीम तुटलेली, वाळूचें घटिकायंत्र फुटलेलें, घंटा तडकलेली. काळवंडलेल्या चित्रांस उदात्त म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांची ती थट्टा. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हॉगार्थच निवर्तला. कागदावर मेलेल्या काळानें थट्टेखोरास सोडलें नाहीं!

शाळेंत इतकीं वर्षें शिकविलें, आतां आपलें नांव कोणाच्या ध्यानीं राहणार, हा सल आमच्या मनांत होताच. राजाच्या देवळास कळस नाहीं, तेथें आमची काय कथा! तरी अनामिक पाथरवटांच्या छिन्नीचें काम भिंतींवर अद्याप दिसतें. नांव गेलें, काम उरलें; एवढें आम्हांस पुरे वाटलें.

नातवास म्हटलें, "बाळ, छप्पर नाहीं, पायऱ्या आहेत." तो आमचा हात धरून चढूं लागला.