सेलूच्या काळ्या मातीखाली

मनमाडहून परभणीकडे निघालेल्या गाडीनं परतूर मागं टाकलं, की सेलू येतं. मे महिन्यात उतरलात तर आधी शेतात चला. काळी माती अशी भेगाळलेली, की हात कोपरापर्यंत आत जावा! (घालू नका हं, विंचू असतो.) उन्हानं ओल उडते, माती आक्रसते, पावसात तीच पाणी पिऊन फुगते. पाया उथळ असला तर तोही हलतो अन् भिंतीला तडे जातात. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खणतात.

आता विहिरीकडे या. पाणी उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात कोमट. खरं तर पाणी तेच, बदलते वरची हवा! जमिनीतून उष्णता इतकी हळू सरकते, की आठ-दहा मीटर खाली ऋतू पोचतच नाहीत.

हेच हेरून ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये १९८०च्या दशकापासून पायाच्या काँक्रीट खांबांतच पाण्याच्या नळ्या बसवू लागले. पंपाच्या मदतीनं हिवाळ्यात जमिनीतली ऊब घरात घ्यायची, उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीत सोडायची.

सेलूत जमेल? इथं खरी गंमत आहे. खांब तापला की भोवतालची ओल गार मातीकडे सरकते. कोरडी माती उष्णता नीट वाहून नेत नाही, आणि आपली काळी माती तर वाळली की आक्रसणारच. घर गार करता करता पायाच मोकळा पडायचा! नळ्या काळ्या मातीत न ठेवता खालच्या बेसॉल्टमध्ये नेल्या तर? दगड काही मातीसारखा आक्रसत नाही. खर्च मात्र वाढेल.

तुमच्या घराचा पाया कशात आहे, मुरमात की काळ्या मातीत? आजोबांना विचारा बरं.